एकट्या पंचाची शिट्टी की व्हीएआर?

सांगलीत आमच्या मैदानावर फुटबॉलचा सामना असला की निकाल एकाच माणसाच्या हाती. शिट्टी वाजली, विषय संपला. गेल्या पावसाळ्यात चिखलात घसरत गेलेल्या आमच्या बचावपटूविरुद्ध पेनल्टी दिली गेली. आधी चेंडूलाच पाय लागलेला मी दहा फुटांवरून पाहिला होता. फार लागलं मनाला, पण पंच समोर होते, सामन्यानंतर त्यांच्याशी बोलता आलं.

व्यावसायिक फुटबॉलला हे परवडत नाही. १९८६ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाच्या मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने केलेला गोल मान्य झाला. २०१० च्या विश्वचषकात इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू जर्मनीच्या गोलरेषेच्या चांगला आत पडला, तरी गोल मिळाला नाही. २०१८ च्या विश्वचषकात व्हीएआर आलं, म्हणजे व्हिडिओ बघून मैदानावरच्या पंचाची चूक दाखवणारी पंचांची व्यवस्था. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला कार्ड, एवढंच ते बघायचं, तेही चूक ढळढळीत असेल तर.

पण स्क्रीनसमोरही माणसंच बसतात. ३० सप्टेंबर २०२३ ला इंग्लंडमधल्या क्लबांच्या सामन्यात टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस दियाझचा गोल मैदानावरच्या पंचांनी ऑफसाइड, म्हणजे खेळाडू नियमापेक्षा पुढे होता म्हणून बाद, ठरवला. व्हीएआरवाल्यांना तो योग्य दिसला, पण मैदानावर गोल दिलाच आहे असं समजून त्यांनी 'तपासणी पूर्ण' कळवलं. खेळ सुरू झाला, मग मागे जाता येईना. लिव्हरपूल २-१ ने हरलं.

तरी मी व्हीएआरच्याच बाजूचा. फक्त पंचांचं आपसातलं बोलणं प्रेक्षकांना त्याच क्षणी ऐकू यायला हवं. गोल झाल्यावर आमची पोरं उडी मारायची सोडून टीव्हीकडे टक लावून बसतात, ते बघवत नाही.