श्पेटलेजे घ्यावी की आउसलेजे?

जर्मनीच्या मोजेल खोऱ्यातली पिकल्या द्राक्षांची गोड रीसलिंग, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन, घ्यायची ठरवली की माणूस या दोन शब्दांपाशी अडतो. श्पेटलेजे म्हणजे उशिरा खुडलेली, आउसलेजे म्हणजे घड निवडून खुडलेली. दोन्हीत मोजलेली असते ती द्राक्षाच्या रसातली साखर, बाटलीतली नव्हे. मोजेलमध्ये आउसलेजेचा रस किमान ८३ ओएक्सले (रसातल्या साखरेचं जर्मन माप) भरावा लागतो. श्पेटलेजेला त्याहून कमी चालतं. बाटलीतल्या गोडीचा अंदाज हवा असेल तर अल्कोहोलचा आकडा बघा. साडेसात-आठ टक्के असेल तर बरीच साखर आंबायची राहिली आहे, वाइन गोड. साडेबारा टक्के आणि सोबत ‘ट्रोकन’ (म्हणजे कोरडी) असेल तर ती गोड नाही, मग वर श्पेटलेजे का लिहिलेलं असेना.

शक्य असेल तर दोन्ही शेजारी ठेवून चाखा, आधी श्पेटलेजे. आठ-दहा अंशांना गार हवी. फार थंड केली तर वासच मिटून जातो. श्पेटलेजेत हिरवं सफरचंद, पीच, लिंबाची साल. आउसलेजेत जर्दाळू, मध, आणि द्राक्षांवर बोट्रायटिस ही वाइनवाल्यांना हवीहवीशी बुरशी चढली असेल तर केशराच्या जवळ जाणारा वास. बाटली दहा-पंधरा वर्षांची असेल तर दोन्हींत किंचित रॉकेल जाणवतं. घाबरू नका, जुन्या रीसलिंगचा तो स्वभावच आहे. तळाशी खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे कण दिसले तर तेही टार्टारिक आम्लाचे, निरुपद्रवी.

खरी परीक्षा घोट गिळल्यावर. जिभेच्या कडांना पाणी सुटलं, पुढचा घोट घ्यावासा वाटला, तर आंबटपणाने गोडी पेलली आहे. पाकासारखा चिकटपणाच उरला तर पिकलेपण कितीही असो, मी ती बाटली घेणार नाही. आउसलेजेत हा तोल साधणं अवघड. साधला की मात्र चव तोंडात कितीतरी वेळ रेंगाळते.

जेवणासोबत हवी असेल तर निःशंक श्पेटलेजे. कोळंबीच्या तिखट कालवणासोबत ती घेऊन पाहा, कमी अल्कोहोलमुळे तिखट भडकत नाही आणि गोडी त्याला शांत करते. आउसलेजेपुढे जेवण नको; निळं चीज किंवा नुसता निवांतपणा पुरे. वीस वर्षं जपून ठेवायची असेल तरी तीच घ्या. पहिल्यांदाच घेत असाल तर ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटली मागा, जेवणानंतर चौघांना तेवढी पुरते.