पोरींच्या खाजगी शाळेत नऊ महिने: निकालाचा बोर्ड पाहून ॲडमिशन घेतली होती, आता काय वाटतं ते

गावातल्या तीन-चार बाया भेटल्या की हेच विचारतात, ताई तुमच्या पोरीची शाळा कशी आहे, आमचीले टाकावं का तिथं. उभ्या उभ्या सांगून होत नाही, अर्धं सुटून जातं, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढते. शाळेचं नाव लिहीत नाही, पोरगी अजून तिथंच शिकते अन् मला चांगलं वाईट दोन्ही मोकळेपणानं लिहायचं आहे.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या लहानशा गावचे. मी आशा वर्कर, पोरीच्या बाबांचं चार एकर कोरडवाहू वावर, पराटी म्हणजे कापूस अन् त्यात तूर. पोरगी आठवीपर्यंत गावच्या जिल्हा परिषद शाळेत होती. नववीसाठी दोनच रस्ते होते, शेजारच्या गावची अनुदानित शाळा नाहीतर तालुक्याला ही फक्त पोरींची खाजगी शाळा. खाजगी म्हणजे स्वयंअर्थसहाय्यित, २०१२ च्या कायद्यानंतर ज्या निघाल्या त्यातली, सरकारचं अनुदान नाही, मास्तर-मॅडमचे पगार आपल्याच फीमधून. फी वर्षाची २२ हजार, वह्या पुस्तकं ड्रेस मिळून अजून पाच गेले. झेडपीत पुस्तकं फुकट होती, दुपारी खिचडी होती, इथं सगळं घरून. एसटीचा तेवढा खर्च नाही, अहिल्याबाई होळकर योजनेतला पोरींचा फुकट पास निघाला म्हणून तर आम्ही हिंमत केली.

आता पैशाची गोष्ट निघालीच आहे तर जे मला कोणीच आधी सांगितलं नाही ते सांगते, कारण यात आमचं सरळ नुकसान झालं. पोरगी आठवीत एनएमएमएसच्या परीक्षेत, म्हणजे गरीब घरच्या हुशार लेकरांना केंद्र सरकारची स्कॉलरशिप मिळते त्या परीक्षेत, निवडल्या गेली होती. वर्षाला १२ हजार, नववी ते बारावी चार वर्षं, म्हणजे ४८ हजार. ही स्कॉलरशिप फक्त सरकारी, झेडपी-नगरपालिकेच्या अन् अनुदानित शाळेत शिकणाऱ्या लेकरांना असते. विनाअनुदानित शाळेत गेलं की गेली. ॲडमिशनच्या वेळी मी मार्कशीट अन् निवडयादी दोन्ही दाखवली, सगळ्यांनी कौतुक केलं, हुशार आहे म्हणाले, पण हे कोणी बोललं नाही. पोर्टलवर फॉर्म भरायच्या वेळी कळलं. त्या रात्री पोरीचे बाबा जेवले नाहीत. तर तुमची पोरगी त्या यादीत असेल तर फी भरायच्या आधी हा हिशोब करा, वर्षाला २२ नाही तर ३४ हजाराचा फरक पडतो.

आता शिकवणं. पहिले दोन महिने फार वाईट गेले. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटीच उघडते, त्यात ही सेमी, म्हणजे गणित अन् सायन्स इंग्रजीतून बाकी मराठीतून. नववीच्या गणितात पहिलाच धडा संचांचा. पोरीला उपसंच येत होता, छेद संच संयोग संच सगळं येत होतं, पण मॅडम सबसेट अन् इंटरसेक्शन म्हणाल्या की ही गप्प. पहिल्या चाचणीत २० पैकी ६. झेडपीत ही पहिली यायची हो. घरी आली अन् पेपर दप्तरातून काढेचना, मीच काढला.

तिनं गावच्या झेडपीच्या सरांना फोन केला. सर म्हणाले, तुला गणित येतं, शब्द येत नाहीत, वहीचे दोन भाग कर, डावीकडे इंग्रजी शब्द उजवीकडे मराठी, रोज दहा. हिनं ती वही केली. एक दिवस गणिताच्या मॅडमनं ती वही पाहिली अन् रागवायच्या ऐवजी वर्गाला दाखवली, दुसऱ्या दिवसापासून सगळ्या पोरींना तशी वही करायला लावली. मला शाळेबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं ते तिथं. झेडपीतून आलेली पोरगी म्हणून तिला मागं नाही ढकललं, तिची रीत घेतली.

याच मॅडमची अजून एक गोष्ट आहे अन् माझ्या मते या शाळेतलं सगळ्यात चांगलं तेच आहे. चूक वही म्हणून एक वेगळी वही असते. दर शनिवारी गणिताची टेस्ट, पेपर परत आला की चुकलेलं गणित त्या वहीत लिहायचं अन् खाली काहून चुकलं ते लिहायचं. घाई केली, चिन्ह चुकलं, की समजलंच नव्हतं. पहिल्या दोन कारणांचं ज्या त्या पोरीनंच पाहून घ्यायचं, पण जिथं "समजलं नव्हतं" लिहिलं ते मॅडम पुन्हा शिकवतात. सुरुवातीला सगळ्या पोरी घाई केली घाई केली असंच लिहायच्या, कारण समजलं नाही म्हणायची लाज. माझी पण तेच लिहायची. सप्टेंबरच्या मधात एक दिवस बसमधून उतरल्या उतरल्या मला म्हणते, आई आज म्या हात वर केला, म्हनलं मले बहुपदीचा भागाकार समजलाच नाही, तर माह्या मागं अजून अकरा जणींनी हात वर केला. मला तिच्या कोणत्या मार्कांनी एवढा आनंद झाला नाही. मी दहावी नापास होऊन घरी बसलेली आहे, नंतर दुसऱ्यांदा बसून पास झाली, मला माहीत आहे वर्गात तो हात वर जात नाही म्हणजे काय होतं.

अर्थनियोजनाचा धडा झाला तेव्हा तर बाबांचीच वही घेऊन बसली. बियाणं किती, खत किती, फवारणी किती, वेचाई दहा रुपये किलो. म्हणते बाबा, क्विंटलमागं हजार रुपये तर वेचाईतच चालले, हे वेगळं लिहीत जा न. आता तो हिशोब तीच लिहिते.

पोरी-पोरींची शाळा आहे म्हणून हे झालं का असं मला विचारतात. थोडं हो. प्रयोगशाळेत स्टँड लावणं, वायर जोडणं सगळं पोरीच करतात, दुसरा कोणी करणाराच नाही, आधीच्या शाळेत ते पोट्टे करायचे अन् पोरी निरीक्षण लिहायच्या. पाळीच्या दिवसात सुट्टी मारणं बंद झालं कारण संडास साफ असतो, पाणी असतं, पॅड ऑफिसात मागावं लागत नाही, मॅडमच्या कपाटातून मिळतं. आशा म्हणून मी गावच्या पोरी पाहते, महिन्याचे तीन दिवस गेले म्हणजे वर्षाचे किती गेले ते मोजा. पण निव्वळ पोरींची शाळा आहे म्हणून अभ्यास वाढत नाही, त्या गणिताच्या मॅडम उद्या गेल्या तर निम्मं जाईल.

अन् मास्तर जातात. सायन्सचे सर दिवाळीनंतर आलेच नाहीत, त्यांना दुसरीकडे बरा पगार मिळाला, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण सहा आठवडे सायन्स कोणी शिकवलं नाही, मराठीच्या मॅडम तासाला बसून धडा वाचून घ्यायच्या. फी परत तर कोणी दिली नाही. नवीन मॅडम आल्या त्या चांगल्या आहेत पण दोन धडे धावतच झाले.

दिवाळीनंतरची अजून एक गोष्ट मनाला लागली. वेचणीचे दिवस. मजूर मिळत नाही, पाऊस आला तर बोंडातला कापूस भिजते, घरातल्या पोरी वावरात जातातच. माझी पोरगी पाच दिवस गेली, काही जणी पंधरा दिवस. शाळेनं रोजचे दहा रुपये दंड लावला. दंड भरायला लागू नये म्हणून दोघी-तिघी नंतर अजून दोन दिवस आल्या नाहीत. मी जाऊन सांगितलं की दंडानं कापूस वेचून होत नाही, त्या दिवसांचा अभ्यास कागदावर लिहून शेजारच्या पोरीच्या हाती द्या. ऐकलं, पण पुढच्या वर्षी पाहू म्हणाले.

आता तो निकालाचा बोर्ड. गेटवर मोठा फ्लेक्स आहे, दहावीचा निकाल १०० टक्के, तो पाहूनच आम्ही गेलो होतो. आता मला त्यातलं थोडं समजायला लागलं म्हणून सांगते. २०२५ च्या दहावीत राज्यातल्या ९६.१४ टक्के मुली पास झाल्या, मुलं ९२.३१ टक्के. म्हणजे पोरी तशाही पास होतातच. या शाळेत दहावीला ३८ पोरी होत्या, तर १०० टक्के अन् राज्याची सरासरी यात फरक फक्त एका-दोघीचा. मग तोच वर्ग आदल्या वर्षी नववीत होता तेव्हा किती पोरी होत्या ते मी ऑफिसात विचारलं. ४६. आठ पोरी कुठं गेल्या? दोघींच्या बापाची बदली झाली, बाकीच्या "गेल्या".

कुठं गेल्या ते जानेवारीत कळलं. ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती, बालिका दिन, पोरींनी भाषणं केली, १८४८ ला भिडे वाड्यात शाळा काढली, शेणगोळे अंगावर घेतले, मी समोर बसून रडली. पुढच्याच आठवड्यात नववीच्या चार पोरींच्या मायबापाला बोलावलं. पोरगी कच्ची आहे, दहावीत झेपणार नाही, दाखला घ्या अन् १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्या. त्या चौघीत माझ्या पोरीची मैत्रीण, आमच्याच गावची, एकाच सीटवर बसून जातात दोघी. बीजगणितात ४० पैकी ९ होते तिला. तिच्या मायनं घरी येऊन एवढंच म्हटलं, ताई १७ नंबर म्हणजे शाळा सुटली न व? मी काय बोलणार. गावात बाहेरून परीक्षा म्हणजे घरी बसणं अन् घरी बसली म्हणजे पाहुणे यायला लागतात, हे मला शिकवायची गरज नाही.

आम्ही पाच घरचे मिळून मोठ्या मॅडमकडे गेलो. भांडलो नाही. मी चूक वही नेली होती त्या पोरीची, तिच्यात "समजलं नव्हतं" हे वाक्य पानोपानी होतं, तिनं सांगितलंच होतं की समजत नाही, वर्षभर सांगत होती. मी म्हणाली मॅडम, ही पोरगी लपवत नाही, मग तिला काढता कशाला, शिकवा न. मोठ्या मॅडम बराच वेळ वही पाहत बसल्या. मग म्हणाल्या दाखला देत नाही, पण सकाळी जास्तीच्या तासाला यावं लागेल. गणिताच्या मॅडम जास्तीचा पगार न घेता तो तास घेतात, हे पण लिहिलं पाहिजे.

म्हणून ज्या बाया मला विचारतात त्यांना मी आता हे सांगते. फ्लेक्सवरचा टक्का विचारू नका, नववीत किती होत्या अन् दहावीत किती बसल्या ते विचारा. अन् ९० टक्केवालीचा फोटो दाखवला तर तिचं गणित वेगळं विचारा, कारण टक्के सहापैकी चांगल्या पाच विषयांचे असतात, एखादा विषय त्यात झाकल्या जातो. गणिताच्या १०० मध्ये पण ४०-४० चे दोन पेपर लेखी अन् २० शाळेच्या हातातले, ते २० सगळ्यांना अठरा-एकोणीस मिळतात. पोरगी कुठं आहे ते त्या ४० वर पाहा. चित्रकलेच्या इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर ७ मार्क वाढतात ते वेगळेच, ते चांगलं आहे, पोरीनं मेहनत केली असते, पण त्यावरून गणित कळत नाही.

पुढच्या वर्षी मी तिथंच ठेवणार आहे. २२ हजार जड जातात, स्कॉलरशिप गेली ते अजून सलते, पण माझ्या पोरीचे बीजगणितात ४० पैकी २९ आहेत अन् ते तिचे स्वतःचे आहेत, कोणत्या प्रश्नात काय चुकलं ते ती मला स्वयंपाक करता करता सांगते.

दोघी आता सकाळच्या पहिल्या बसनं निघतात, सात दहाची. माझीला त्या तासाची गरज नाही पण मैत्रीण एकटी कशी जाईल म्हणून ही पण जाते अन् मागच्या बाकावर बसून तिला समजावते. मागच्या टेस्टला त्या पोरीला १७ मिळाले. एप्रिलमध्ये वार्षिक आहे. नववीत आज ४१ पोरी आहेत, जूनमध्ये दहावीच्या वर्गात किती बसल्या तो आकडा मोजून इथंच खाली लिहीन.