नदीकाठचा तो कॉकटेल बार : सात महिन्यांनंतर, आणि काकवीची भानगड

हा रिव्ह्यू फेब्रुवारीत लिहिला असता तर पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले असते. बरं झालं आळस केला. आज साडेतीन देतेय, त्यातला अर्धा नुसता वरच्या खिडकीसाठी.

पंचगंगेच्या काठच्या जुन्या दगडी वखारीत बार झालाय हे आता सगळ्या कोल्हापूरला माहितीय, रील पण सगळ्यांनी बघितलेत, त्यामुळं पिवळे दिवे, सागवानी तुळया, उलटी टांगलेली तांब्याची घंगाळं यावर मी शब्द घालवत नाही. वर खिडकीजवळचं टेबल मिळालं तरच जा. संध्याकाळी खाली नदी काळी होत जाते, लांब शिवाजी पुलावरनं गाड्यांचे दिवे सरकताना दिसतात आणि दहा मिनिटं कुणी काही बोलत नाही. आमच्या घरात हे कधी होत नाही.

मेन्यूच्या पहिल्या पानावर लिहिलंय की ही म्हणे गुळाची वखार होती. कुणी सांगितलं यांना? गुळाचा व्यापार शाहूपुरीत, ती पेठच शाहू महाराजांनी १८९५ साली वसवली, आमच्या आज्जाच्या बैलगाड्या तिकडंच जायच्या. नदीला पाणी आलं की पहिलं जिथं शिरतं तिथं गुळाच्या ढेपा रचून ठेवणारा व्यापारी कोल्हापुरात अजून जन्माला यायचाय. कौलांची वखार म्हणा, लाकडाची म्हणा, गूळ नको.

गुळावर एवढी का अडकलेय तर माझ्या माहेरी गुऱ्हाळ आहे. आणि तिथल्या ज्या ड्रिंकसाठी मी सात महिन्यांत नऊ वेळा गेले ते म्हणजे काकवीचं (गूळ व्हायच्या आधीच्या उसाच्या पाकाचं) ओल्ड फॅशन्ड, हे व्हिस्कीचं कॉकटेल. मेन्यूत 'हँडक्राफ्टेड केन नेक्टर' असं लिहिलंय. पहिल्यांदा जानेवारीत गेलो तेव्हा वाचून काही कळलंच नाही, एक घोट घेतला आणि नवऱ्याला म्हणलं, अरे ही काकवी आहे! तो म्हणाला, हळू बोल.

खरंच भारी होतं पण. साखरेच्या पाकानं नुसता गोडवा येतो, काकवीला मागनं एक करपट-खमंग वास असतो, गुऱ्हाळाच्या चुलवाणाजवळ उभं राहिल्यावर अंगाला लागतो ना तो. व्हिस्की, बिटर्स (कडवट अर्काचे थेंब), संत्र्याची साल, आणि मध्ये तो काचेसारखा स्वच्छ बर्फाचा एकच मोठा ठोकळा, लवकर वितळत नाही म्हणून शेवटचा घोट पण पहिल्यासारखाच लागतो. मी त्या रात्री घरी येऊन दादाला फोन केला, रात्री साडेअकराला, की तुझी काकवी इथं सहाशे रुपयाला विकायला लागलेत. तो म्हणाला, प्यायलीयस काय? म्हणलं, हो, तेच तर सांगतेय.

हिशोब ऐका. दादाकडं काकवी सव्वाशे रुपये लिटर. एका ग्लासात फार तर दहा मिली, म्हणजे सव्वा रुपयाची. साधं ओल्ड फॅशन्ड पाचशे वीस, हे सहाशे. सव्वा रुपयाचे ऐंशी. आमच्या अण्णांनी उभ्या आयुष्यात एवढं मार्जिन बघितलं नाही.

तरी चार महिने आनंदानं दिले. एकच गोष्ट दरवेळी खटकायची. वेटर ट्रे घेऊन आला की ओल्ड फॅशन्ड नवऱ्यापुढं आणि त्याचा कोकम-सोडा माझ्यापुढं. नऊपैकी आठ वेळा! आम्ही न बोलता ग्लास अदलाबदल करतो, आता सवय झालीय, पण लिहून ठेवते.

आणि ती भिंत. खालच्या हॉलमध्ये २०१९ च्या महापुराची खूण तशीच ठेवलीय, तपकिरी रेघ, वरनं स्पॉटलाइट. लोक तिच्यापुढं उभं राहून फोटो काढतात. तेव्हा पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं, माझ्या मावशीच्या घरातला चिखल आम्ही आठ दिवस उपसत होतो, गाद्या, पुस्तकं, सगळं रस्त्यावर. पहिल्यांदा बघून राग आला. तिसऱ्या वेळेला मावशीलाच घेऊन गेले जेवायला, ती रेघेजवळ गेली, हात वर करून अंदाज घेतला आणि म्हणाली, "आमच्यात ह्याच्यापेक्षा वर होतं." आणि कबाब मागवले. तेव्हापासनं माझं त्या भिंतीबद्दल काही म्हणणं नाही.

आता भांडणाकडं येते. जुलैत पाणी चढायला लागलं, इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ हे इथं शाळेतल्या पोराला पण पाठ असतं, तर ३७ झाल्यावर यांनी खालचा हॉल रिकामा केला आणि मग सगळंच बंद ठेवलं. शहाणपणा केला. ऑगस्टमध्ये परत सुरू झाल्यावर आम्ही पहिल्याच शनिवारी गेलो. ग्लास (नवऱ्यापुढं) आला, मी ओढून घेतला, एक घोट, आणि तोंड वाकडं. खारट. गोड आहे पण कडेनं खारट, आणि तो खमंग वास गायब.

वेटरला विचारलं तर, "मॅम, सेम रेसिपी आहे." मी उठून काउंटरवर गेले. बारटेंडर पोरगा चांगला होता, बाटली दाखवली त्यानं. ती काकवी नव्हतीच. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घेतलेला, आणि गूळ पण तो पिवळाधमक. आता गुऱ्हाळवाल्याच्या पोरीला पिवळा गूळ दाखवून कोण फसवणार! रंग उजळायला हायड्रोस नावाचं केमिकल घालतात, सोडा घालतात, मग तो खारटपणा येणारच. घरच्या गुळाला रानभेंडीचं पाणी घालून मळी काढतात, रंग काळपट येतो, बाजारात भाव कमी मिळतो, खायला तोच चांगला. आणि काकवी हा प्रकारच वेगळा, रस उकळत उकळत १०५ अंशांच्या आसपास आला की काहिलीतनं (मोठ्या कढईतनं) काढायची, तोच पुढं ११८ पर्यंत नेला की गूळ. गूळ परत पाण्यात घातला म्हणून काकवी होत नाही. अण्णांकडं थर्मामीटर नव्हता, आमचा गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, चिमटीत तार बघून सांगायचा.

पोरगा म्हणाला, ताई खरं आहे, काकवी एप्रिलमध्येच यायची बंद झाली, उरलेली दोन कॅन पावसाळ्यात आंबली, झाकण उडालं. हे मात्र मी समजू शकते. पातळ काढलेली काकवी फसफसतेच, आणि पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद. मग मेन्यूवर एक कागद चिकटवा ना, 'सध्या मिळणार नाही' म्हणून! आंबा संपला की आइस्क्रीमवाला पण पाटी लावतो. यांनी ऐंशी रुपये तेवढे चालू ठेवले.

बिल आलं त्यात वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज. खाण्यावर पाच टक्के जीएसटी, दारूवर दहा टक्के व्हॅट, ते सरकारचं, त्यावर माझं भांडण नाही. पण सर्व्हिस चार्ज परस्पर लावता येत नाही, जुलै २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं ते उचलून धरलंय. आधीच्या आठ वेळा मी तो दिला होता हे आठवून अजून चिडले. मॅनेजर म्हणाला, पॉलिसी आहे. मी म्हणलं, ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ नंबरला फोन लावते, इथंच, स्पीकरवर. नवरा नदीकडं बघत बसला. पाच मिनिटांत नवीन बिल आलं, सर्व्हिस चार्ज काढलेला. ऐंशी रुपये नाही काढले.

टिप मी त्या बारटेंडरच्या हातात दिली, शंभर.

तर, खिडकीसाठी जा, डिसेंबर ते मार्च जा, चिकन खर्डा टिक्का चांगला आहे, टेबल आधी फोन करून वरचंच मागा, बिल वाचा. काकवीवालं मागवायच्या आधी बाटली बघायला मागा, लाजू नका.

दादाला सांगून ठेवलंय, दिवाळीनंतर पहिलं आदन (काहिलीतला पहिला घाणा) निघेल त्यातली लिटरभर काकवी घट्ट काढून बाजूला ठेव. बर्फाच्या मोठ्या ठोकळ्यांचा साचा ऑनलाइन मागवलाय, दोनशे चाळीस रुपये. घरच्या फ्रीजमध्ये बर्फ पांढरट येतो म्हणे, येऊ दे.