जॉकींच्या आकडेवारीची सेवा: दोन मोसमांच्या वापरानंतर

घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावणाऱ्यांसाठी जॉकींची आकडेवारी पुरवणारी एक वर्गणीची सेवा मी सलग दोन मोसम वापरली. शर्यतीपूर्वी तिचे पान उघडायचे, जॉकीबद्दल ती काय सांगते ते वहीत उतरवायचे, मग पैसे लावायचे किंवा शर्यत नुसती पाहायची, आणि निकालानंतर त्याच ओळीपुढे आपला अंदाज कोठे चुकला ते लिहायचे, हा क्रम मी शक्यतो मोडला नाही. त्या वहीच्या आधारे माझे मत असे झाले आहे की या सेवेतील एकच रकाना वर्गणी वसूल करून देतो, दोन-तीन सोयी खरोखर उपयोगी आहेत, आणि जे पान उघडताक्षणी समोर येते ते नवख्या माणसाला नुकसानीत घालणारे आहे.

ते पान म्हणजे जॉकींची क्रमवारी. नाव, एकूण स्वाऱ्या, विजय, विजयाची टक्केवारी आणि शेवटी गेल्या १४ दिवसांतील कामगिरी असे त्यात रकाने आहेत. ज्याचे हे १४ दिवस चांगले गेले त्याच्या नावापुढे लाल बाण असतो, ज्याचे वाईट गेले त्याच्यापुढे निळा. आता समजा, या काळात एका जॉकीने २० स्वाऱ्या केल्या आणि त्याची अनेक वर्षांची सरासरी १० टक्के विजयांची आहे. अशा जॉकीला त्या २० स्वाऱ्यांत एकही विजय न मिळण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, म्हणजे जवळजवळ आठांत एक, असते. असे ४० जॉकी घेतले तर त्यांपैकी पाचेक जणांच्या नावापुढे निळा बाण लागेल, आणि त्यासाठी त्यांच्या हातात, तब्येतीत किंवा घोड्यांत काहीही बिघडण्याची गरज नाही. १०० स्वाऱ्यांत २० विजय हा आकडा भरवशाचा वाटतो, परंतु तेवढ्या नमुन्यावरून त्या जॉकीचा खरा दर १२ ते २८ टक्क्यांच्या दरम्यान कोठेतरी असावा, इतकेच म्हणता येते. ५०० स्वाऱ्या झाल्यावर ही पट्टी साडेसोळा ते साडेतेवीसपर्यंत आक्रसते. सेवेने टक्केवारीच्या शेजारी ही पट्टी दाखवली असती तर निम्मे बाण आपोआप अर्थहीन ठरले असते. ती कोठेही दिसत नाही, आणि माझ्या मते ही या सेवेतील सर्वांत गंभीर उणीव आहे.

‘फॉर्मात असलेला जॉकी’ या कल्पनेचे आकर्षण मी समजू शकतो. १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश जॉकी गॉर्डन रिचर्ड्स यांनी तीन दिवसांत सलग १२ शर्यती जिंकल्या, तेव्हा तेराव्या स्वारीवर त्यांच्याविरुद्ध पैसे लावण्याचे धैर्य फार थोड्यांनी दाखवले असेल. त्या तेराव्या शर्यतीत त्यांचा घोडा तिसरा आला.

टक्केवारीची दुसरी अडचण अधिक खोल आहे. जॉकीच्या नावापुढे जो विजय नोंदवला जातो, तो त्याच्या कौशल्याइतकाच त्याला मिळालेल्या घोड्याचाही असतो. मोठ्या तबेल्याचा मुख्य जॉकी दिवसाला चार फेव्हरिटवर बसतो, तर त्याच मैदानावरचा दुसरा, तितकाच हुशार जॉकी चार अशा घोड्यांवर बसतो ज्यांच्याकडून मालकालाही फारशी अपेक्षा नसते. पहिल्याची टक्केवारी २२ आणि दुसऱ्याची ७ असली तरी त्यावरून दोघांच्या हातांची तुलना होत नाही. १९५४ ते १९८३ या काळात एप्समची डर्बी नऊ वेळा जिंकणाऱ्या लेस्टर पिगट यांच्याबद्दल जाणकार नेहमी सांगत की त्यांची निम्मी करामत घोडा निवडण्यात आणि तो मिळवण्यात होती. १९७२ च्या डर्बीत रॉबर्टो या घोड्यावर आधी बिल विल्यमसन बसणार होते. पडून झालेल्या दुखापतीमुळे ते वेळेत बरे होतील की नाही याविषयी शंका होती आणि ऐनवेळी ती स्वारी पिगट यांच्याकडे गेली. रॉबर्टो अगदी निसटत्या फरकाने जिंकला. तो विजय पिगट यांच्या खात्यावर जमा आहे आणि योग्यच जमा आहे, परंतु त्यातला किती भाग शेवटच्या शंभर-दीडशे मीटरमधल्या हातांचा आणि किती भाग तो घोडा मिळण्याचा, हे टक्केवारीचा रकाना सांगू शकत नाही.

येथेच या सेवेचा तो एक रकाना कामाला येतो. ‘अपेक्षेच्या तुलनेत विजय’ या नावाने तो दुसऱ्या पानावर, बराच खाली, दिला आहे. त्यामागची पद्धत साधी आहे. एखाद्या जॉकीच्या पाच घोड्यांचे भाव शर्यत सुटताना अनुक्रमे दुप्पट, चौपट, पाचपट, दहापट आणि वीसपट होते असे समजा, म्हणजे जिंकल्यास लावलेल्या रकमेसकट तितके परत. या भावांतून निघणाऱ्या जिंकण्याच्या शक्यता ५०, २५, २०, १० आणि ५ टक्के होतात, आणि त्यांची बेरीज १.१ विजय अशी येते. त्या जॉकीने पाचांपैकी एक शर्यत जिंकली तर क्रमवारीच्या पानावर त्याच्यापुढे २० टक्के असा भारदस्त आकडा झळकतो, पण या रकान्यात मात्र ०.९१ दिसते, म्हणजे बाजाराने त्याच्याकडून जेवढी अपेक्षा केली होती तेवढेही त्याने दिले नाही. उलट वीसपट भावाच्या घोड्यांवर बसून १०० स्वाऱ्यांत सात वेळा जिंकणाऱ्याची टक्केवारी केविलवाणी दिसते, परंतु त्याची अपेक्षा पाचच विजयांची असल्यामुळे या रकान्यात १.४ येतात. पैसे लावणाऱ्याला हवी असलेली माहिती ही आहे: ज्या जॉकीचे मोल भावात पुरेसे उतरलेले नाही, तो कोण. अर्थात पाच अपेक्षित आणि सात प्रत्यक्ष एवढा फरक योगायोगानेही सहज पडतो, म्हणून मी ५०० पेक्षा कमी स्वाऱ्यांवरचा हा आकडा वाचतो, पण त्यावर पैसे लावत नाही.

या रकान्यातही एक दोष आहे आणि तो वर्गणीदारांनी समजून घेतला पाहिजे. बुकीने लावलेल्या भावांतून सर्व घोड्यांच्या शक्यता काढून त्यांची बेरीज केली तर ती १०० टक्के होत नाही, ११५ किंवा १२० होते. वरचा भाग म्हणजे बुकीची कमाई. टोटमध्ये, म्हणजे सर्वांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याच्या पद्धतीत, हीच कपात एकूण रकमेतून आधीच केली जाते. सेवेने अपेक्षित विजय मोजताना ही वाढीव बेरीज दुरुस्त केलेली नाही. त्यामुळे बेरीज १२० असलेल्या शर्यतींत अगदी सरासरी जॉकीचा आकडाही १ न येता ०.८३ च्या आसपास येतो, आणि पान मात्र १ च्या खालचा प्रत्येक आकडा लाल रंगात दाखवते. ०.९५ वाला जॉकी तेथे नापास दिसतो. खरे तर तो आपल्या सोबत्यांपेक्षा बराच सरस असतो. त्याच वेळी हेही खरे की ०.९५ वर डोळे झाकून पैसे लावत गेलो तर आपले हळूहळू जातातच, कारण आपल्याला मिळणारा भाव तोच असतो. सरस जॉकी आणि फायद्याचा जॉकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेवेने त्या एकाच रंगात मिसळल्या आहेत.

नामवंत जॉकींच्या बाबतीत हा फरक सर्वांत ठळक दिसतो. २८ सप्टेंबर १९९६ रोजी अ‍ॅस्कॉट येथे फ्रँकी डेटोरी यांनी दिवसाच्या सातही शर्यती जिंकल्या. सातव्या शर्यतीतील त्यांचा घोडा फुजियामा क्रेस्ट याचा भाव सकाळी एकाला बारा होता. आधीचे सहा विजय झाल्यावर पैशांचा असा लोंढा आला की शर्यत सुटताना तो एकाला दोन झाला. घोडा तोच होता, अंतर तेच, वजन तेच. तो जिंकला, म्हणून एकाला दोन हा भाव योग्य होता असे होत नाही. ज्याने तिकीट सकाळी घेतले आणि ज्याने शेवटच्या पाच मिनिटांत घेतले, त्या दोघांनी दोन निराळे सौदे केले होते. जॉकीचे नाव जितके मोठे तितका त्याचा भाव आधीच चेपलेला असतो, आणि या सेवेच्या रकान्यात पहिल्या पाचांतील बहुतेक नावे मला मोसमभर सरासरीच्या आसपासच रेंगाळताना दिसली. माझ्या वहीतील उपयोगाच्या नोंदी जवळजवळ सर्व क्रमवारीच्या मधल्या भागातील जॉकींच्या आहेत.

गाळण्यांची सोय ही सेवेची अभिमानाची बाब आहे. अंतर, मैदानाची स्थिती, ड्रॉ (सुरुवातीला घोड्याला मिळालेली जागा), घोड्याचे वय, शर्यतीचा वर्ग, ट्रेनर, असे काहीही लावून जॉकीचे आकडे वेगळे काढता येतात आणि पान झटकन बदलते. मी स्वतः या सोयीत एकदा चांगलाच फसलो. पावसाने जड झालेल्या मैदानावर मैलाच्या शर्यतीत एका जॉकीचे आकडे सात स्वाऱ्यांत तीन विजय असे निघाले आणि त्या भरवशावर मी नेहमीच्या तिप्पट रक्कम लावली. घोडा शेवटून दुसरा आला. रात्री वही उघडल्यावर लक्षात आले की त्या तीन विजयांपैकी दोन एकाच घोडीवर मिळाले होते, आणि जड मैदान आवडत होते ते त्या घोडीला. सात स्वाऱ्यांचा आकडा दाखवताना पानावर कसलीही सूचना आली नव्हती. निदान ५० पेक्षा कमी स्वाऱ्या असतील तर आकडा फिकट रंगात दाखवावा, असे मी सेवेला लिहून कळवले. पोच मिळाली, बदल मात्र अद्याप झालेला नाही.

शिकाऊ जॉकींच्या विभागाबद्दल मला विशेष सांगायचे आहे, कारण माझ्या मते तेथे चांगली संधी होती आणि सेवेने ती अर्धीच साधली आहे. शिकाऊ जॉकीला वजनात सवलत मिळते आणि विजय वाढत गेले की ती उतरत जाते. ब्रिटनमधील सपाट शर्यतींत २० विजयांपर्यंत ७ पौंड, ५० पर्यंत ५ पौंड आणि ९५ पर्यंत ३ पौंड असा क्रम आहे. ज्याचे हात वयाच्या मानाने तयार आहेत अशा मुलाकडे ७ पौंडांची सवलत असते तेव्हा हंडीकॅप शर्यतीत, म्हणजे जेथे चांगल्या घोड्यावर जास्त वजन देऊन बरोबरी साधली जाते तेथे, तो घोड्याला खरोखर मदत करतो, आणि लोकांचे लक्ष नावावर असल्यामुळे भावही बरा मिळतो. सेवा अशा मुलांची स्वतंत्र यादी देते आणि सवलत संपायला किती विजय उरले तेही दाखवते, ही फार उपयोगी सोय आहे. परंतु त्यांच्या मागच्या आकड्यांत ७ पौंडांच्या सवलतीने केलेल्या, ३ पौंडांच्या सवलतीने केलेल्या आणि सवलतीविना केलेल्या स्वाऱ्या एकाच बेरजेत घातल्या आहेत. ज्या आठवड्यात एखाद्याची सवलत संपते, नेमक्या त्याच आठवड्यात त्याची टक्केवारी सर्वांत सुंदर दिसते आणि सर्वांत कमी उपयोगाची असते. हे तीन गट वेगळे करणे अवघड नाही, प्रत्येक रेसकार्डावर सवलत छापलेली असते. मी ते काम हाताने करतो आणि त्यात सकाळचा अर्धा तास जातो.

ट्रेनर आणि जॉकी यांच्या जोडीचे पान नीटनेटके आहे. एकाच तबेल्याचे दोन घोडे एका शर्यतीत असताना मुख्य जॉकीने कोणता घेतला याची सूचना ते ताबडतोब देते, आणि भाव हलण्याआधी ती सूचना फोनवर येते, हे मी अनेकदा पडताळून पाहिले आहे. तरीही जॉकीची निवड हा पुरावा आहे, निकाल नव्हे. ज्या रॉबर्टोवर पिगट यांनी डर्बी जिंकली, त्याच वर्षी यॉर्कच्या शर्यतीत त्यांनी त्याच्याऐवजी राइनगोल्ड हा घोडा निवडला. रॉबर्टोवर ब्राउलिओ बाएझा बसले आणि त्यांनी ब्रिगेडियर जेरार्ड या घोड्याला त्याच्या कारकिर्दीतला एकमेव पराभव दाखवला. पिगट यांच्यासारख्या माणसाचीही निवड चुकते, म्हणून या सूचनेला मी माझ्या हिशेबात थोडेसेच वजन देतो.

बाकी किरकोळ गोष्टी. जॉकी ऐनवेळी बदलला तर पान बहुतेक वेळा दहा मिनिटांत सुधारते. शर्यतीनंतरच्या तक्रारीमुळे निकाल फिरला तर ती दुरुस्ती मात्र दुसऱ्या दिवशी होते. जॉकीने नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वजनाने स्वारी केल्याची नोंद कोठेच नाही, ती असायला हवी होती. संपूर्ण तक्ता उतरवून घेण्याची सोय आहे आणि केवळ तिच्यासाठीही मी ही सेवा ठेवली असती, कारण वरची वाढीव बेरीज मी त्यातूनच दुरुस्त करतो.

ज्यांना घोड्याचा मागचा फॉर्म, वर्ग, वजन आणि अंतर स्वतः वाचता येते, त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी; जॉकीवरूनच घोडा ठरवू पाहणाऱ्यांनी घेऊ नये. हाँगकाँगमध्ये संगणकाच्या मदतीने पैसे लावणारे बिल बेंटर यांनी १९९४ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्या गणितात अनेक घटक होते, आणि ते सर्व जमेस धरून काढलेली शक्यताही लोकांच्या भावांशी जोडून घेतल्यावरच अधिक नेमकी ठरली होती. मी आता आधी घोडे पाहतो, प्रत्येकाची शक्यता पेन्सिलने लिहितो, नंतर हा एक रकाना उघडून ती एखाद-दोन टक्क्यांनी वर किंवा खाली करतो, आणि भाव त्यापेक्षा बरा असेल तरच तिकीट घेतो. बहुतेक शर्यतींत तो बरा नसतो. पुढच्या मोसमाची वर्गणी मी भरली आहे, आणि फोनवर सेवा उघडताच थेट दुसरे पान येईल अशी व्यवस्था करून ठेवली आहे.