रंगवलेली खडी आणि ‘जपानची सॉईल’ : फिश टँकचा तळ बदलताना झालेली फसवणूक

फिश टँकच्या तळाची जुनी वाळू काढून तिच्या जागी पाणवनस्पतींसाठी अ‍ॅक्वा सॉईल घालून देण्याचे काम घरी येऊन करणारे दुकानदार आता मुंबई-ठाण्यात सहज मिळतात. त्यांतले अनेक जण हे काम मनापासून करतात. आमच्या ठाण्याच्या घरी ज्याने ते केले, त्याने मात्र मालात फसवले, कामात फसवले आणि मासे मरू लागल्यावर औषधाच्या नावाखाली पुन्हा पैसे घेतले. यातली जवळजवळ प्रत्येक लबाडी पैसे देण्याआधी ओळखता येते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमची टाकी तीन फूट लांब आणि सव्वा फूट रुंद आहे. तिच्यात निऑन टेट्रा, तळाशी वावरणारे कोरीडोरास आणि हनी गोरामीची एक जोडी होती. एवढ्या तळावर दोन इंचांचा थर द्यायचा तर साधारण अठरा लिटर माल लागतो, म्हणून नऊ लिटरच्या दोन पिशव्या आणि मजुरी मिळून साडेआठ हजार रुपये ठरले. दुकानात त्याने उघड्या पिशवीतला जो नमुना दाखवला, तो अस्सलच होता. अ‍ॅक्वा सॉईल म्हणजे भाजलेल्या मातीचे हलके, गोलसर, काळपट तपकिरी दाणे, आणि तो दाणा दोन बोटांत जोर देऊन दाबला की त्याचा भुगा होतो. “ताई, जपानचा माल आहे, डोळे झाकून घ्या,” असे तो म्हणाला आणि तेच त्याने व्हॉट्सअ‍ॅपवरही लिहून पाठवले.

प्रत्यक्षात घरी आल्या त्या साध्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्या. त्यांवर माशाचे चित्र आणि ‘इम्पोर्टेड’ एवढेच छापलेला स्टिकर होता. मूळ पिशव्या कुठे आहेत असे विचारल्यावर, त्या वाहतुकीत फाटतात म्हणून आम्ही माल पुन्हा भरतो, असे उत्तर मिळाले. हे उत्तर कायद्यात बसत नाही. वेष्टित वस्तूंबाबतच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार आयात मालाच्या पाकिटावर आयातदाराचे नाव व पत्ता, मालाचा मूळ देश, निव्वळ वजन किंवा माप, निर्मितीचा महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असावा लागतो. दुकानदाराने माल स्वतः पाकिटात भरला, तर पॅकर म्हणून त्याचे नावही त्यावर यावे लागते. आमच्या पिशव्यांवर यातले काहीच नव्हते.

त्यानंतर जे काम झाले, ते मालापेक्षाही घातक ठरले. आलेल्या माणसाने मासे बादलीत काढले, जुनी वाळू उपसून गोणीत भरली आणि फिल्टरमधला स्पंज व सेरॅमिक रिंगा नळाच्या धारेखाली स्वच्छ पांढऱ्या होईपर्यंत धुतल्या. स्पंज फारच काळा झाला आहे, बदलावाच लागेल, असे सांगून त्याने नव्या स्पंजचे वेगळे पैसे लावले. वास्तविक टाकी चालते ती याच काळ्या स्पंजावर आणि जुन्या वाळूवर. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून तयार होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू तिथे चिकटून राहतात. त्यांची वसाहत नव्याने उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्यांना मारते. तळ बदलायचाच असेल, तर फिल्टरला त्या दिवशी हात लावायचा नसतो. स्पंज पिळायचाच झाला, तर टाकीतल्याच पाण्यात पिळायचा असतो. ज्याचा हाच धंदा आहे, त्याला हे ठाऊक नव्हते यावर माझा विश्वास नाही, कारण मोडलेल्या टाकीच्या मालकाला औषधे विकता येतात आणि चालत्या टाकीच्या मालकाला ती विकता येत नाहीत.

मासे त्याच संध्याकाळी नव्या तळावर सोडण्यात आले. खरी अ‍ॅक्वा सॉईलसुद्धा पहिले काही आठवडे पाण्यात अमोनिया सोडते, म्हणून जाणकार विक्रेता मासे लगेच सोडू देत नाही. याबद्दल विचारले असता, आमच्या सॉईलला तसे काही होत नाही, असे त्याने ठामपणे सांगितले.

लवकरच पाणी गढूळ झाले आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करू लागले. अमोनिया तपासण्याच्या किटमधले थेंब टाकल्यावर नळीतले पाणी पिवळे राहण्याऐवजी हिरवे झाले, म्हणजे पाण्यात अमोनिया होता, आणि पाण्याची आम्लता-अल्कता दाखवणारा, एरवी सातच्या आसपास असणारा पीएच आठच्या वर गेलेला दिसला. हे दोन्ही एकत्र आले की हानी अनेक पटींनी वाढते. पाण्यातल्या अमोनियाचा जो भाग माशांना खरोखर विषारी असतो, तो २५ अंश तापमानाला पीएच सात असताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो आणि पीएच आठ झाला की पाच टक्क्यांच्या वर जातो. दुकानदाराला फोन केला तेव्हा त्याने पाण्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. फंगस झाले आहे, असे सांगून त्याने मिथिलीन ब्ल्यूची बाटली पाठवून दिली. हे औषध फिल्टरमध्ये नव्याने धरू पाहणाऱ्या जिवाणूंनाही बाधते. निऑन टेट्रा सगळे मेले, कोरीडोरासही बहुतेक गेले.

पीएच चढण्याचे कारण क्रिप्टोकोरीनचे रोप उपटले तेव्हा कळले. वरच्या बोटभर थरातले मातीचे दाणे विरघळून चिखल झाला होता आणि त्याखाली टणक, एकसारखे काळे खडे होते. त्यांतला एक खडा नखाने खरवडल्यावर काळा पापुद्रा निघून नखात बसला आणि आतून शुभ्र पांढरा दगड दिसला. पकडीने तो फोडून वर व्हिनेगर टाकताच बारीक फेस आला. तो संगमरवराचा चुरा होता, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, जे पाण्यात हळूहळू विरघळून त्याचा जडपणा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, आणि पीएच वाढवत राहते. आमच्याकडे येणारे धरणाचे पाणी मुळात मऊ असते आणि निऑन टेट्रासारख्या माशांना तेच मानवते, त्यामुळे हा फरक त्यांना सोसला नाही. ज्या सोसायट्यांत उन्हाळ्यात बोअरवेलच्या पाण्याचे टँकर येतात, तिथे पीएच वाढल्याचा दोष पाण्यावर ढकलून दुकानदार मोकळा होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

व्हिनेगरची ही परीक्षा माल टाकीत पडण्यापूर्वी घेता येते, आणि विक्रेत्याच्या माणसासमोरच घ्यावी. दाणे पिशवीच्या तळातून घ्यावेत, कारण वरचे दाणे दाखवण्यासाठीच भरलेले असतात. काही दाणे ओल्या पांढऱ्या फडक्यात चोळून पाहावेत. सॉईलची माती लागली तर ती पाण्याने धुऊन निघते, रंग मात्र फडक्यात बसतो. जुनी वाळू कोणालाही नेऊ देऊ नये. तिच्यातली ओंजळभर वाळू जाळीच्या पिशवीत बांधून नव्या टाकीत ठेवली, तर जिवाणूंचे बियाणे हाताशी राहते.

उरलेले मासे वाचले, ते याच परिसरातल्या एका अनुभवी मासेपालकाने आपल्या चालत्या फिल्टरमधला स्पंज पिळून दिला म्हणून. तळातला सगळा माल काढून टाकला, मासे एअर पंप लावलेल्या टबात ठेवले आणि क्लोरीन काढलेल्या पाण्याने रोज थोडे थोडे पाणी बदलत राहिलो. टाकीचा तळ सध्या मोकळाच आहे.

दुकानदाराने बिल दिले नव्हते, कोऱ्या कागदावर आकडे लिहिले होते. तरीही यूपीआयची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘जपान’ असा उल्लेख असलेला संदेश आणि स्टिकरसकट जपून ठेवलेल्या रिकाम्या पिशव्या एवढा पुरावा हाती होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर त्याने मालाची रक्कम परत केली. मजुरी, औषध आणि माशांची भरपाई देण्यास मात्र नकार दिला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि माल व सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क लागत नाही, म्हणून उरलेल्या रकमेसाठी तो अर्ज तयार केला आहे. पिशव्यांवरील अपुऱ्या माहितीबद्दल वैधमापन शास्त्र विभागाकडे वेगळी तक्रार दिली आहे. माशाचे चित्र आणि ‘इम्पोर्टेड’ एवढाच मजकूर असलेल्या पारदर्शक पिशवीतली सॉईल ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ती टाकीत ओतण्याआधी तळातले दाणे फोडून पाहावेत आणि पिशवी फेकू नये.