चार हजारांत ड्रॅगनला टाच मिळाली

कोल्हापुरातल्या एका चित्रकलेच्या वर्गाबद्दल लिहितेय, तर आधी व्यवहाराचं सांगते. तीन महिन्यांचे ४,००० रुपये, दर रविवारी सकाळी ७ ते १०, जागा पेठेतल्या एका जुन्या वाड्याची माडी. कागद-पेन्सिल आपली, चहा त्यांचा. बसायला लाकडी स्टूल, पाठ टेकायला काही नाही. सव्वासातला दार लावतात, मग खालून कितीही हाका मारा. वर्गाचा पत्ता इथं टाकू नको असं सरांनी बजावलंय, कारण स्टुलं अठराच आहेत. कुणाला खरंच जायचं असेल तर मला विचारा, एकेकाला सांगते.

मी बिंदू चौकाजवळ एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. कुणातरी दादांचा वाढदिवस आला की त्यांचा फोटो कापायचा, मागं सिंह बसवायचा, खाली शुभेच्छुकांची तोंडं लावायची. रात्री दहानंतर माझं स्वतःचं काम सुरू होतं. पंखवाले सर्प, शिंगवाल्या राण्या, ढगातले किल्ले. शाळेत एलिमेंटरीला सी ग्रेड मिळाली, म्हणून इंटरमिजिएटला बसलेच नाही. पुढची नऊ वर्षं जे काही शिकले ते मोबाइलवर व्हिडिओ बघून आणि दुसऱ्यांचे ड्रॅगन बघून. मध्ये एक ऑनलाइन कोर्सही घेतला होता, २,७०० रुपयांचा. त्यातून एक ड्रॅगन एकाच बाजूनं फर्स्ट क्लास काढता यायला लागला. मान वळवायची म्हटली की संपलं.

खवले मात्र मला फार चांगले जमायचे. एकेका खवल्यावर वेगळी चकाकी. लोक खाली ‘नाद खुळा’ लिहायचे. पण तेच चित्र चार दिवसांनी उघडलं की जनावर डोंगरावर चिकटपट्टीनं लावल्यासारखं दिसायचं. एका गेमवाल्यांनी माझी सहा चित्रं परत पाठवली. सोबत एकच ओळ होती, की प्राणी जमिनीवर उभा वाटत नाही. मी आठवडाभर त्यांच्या नावानं बोटं मोडली. नंतर या वर्गाचं कळलं.

पहिल्या रविवारी मी माझा सगळ्यात भारी ड्रॅगन आर्ट पेपरवर प्रिंट मारून नेला. सर सत्तरीचे, चष्मा कपाळावर. बराच वेळ बघत राहिले.

“छान हाय. वजन किती ह्याचं?”

“कुणाचं, सर?”

“ह्या जनावराचं. म्हशीएवढं का हत्तीएवढं?”

असा विचार मी कधी केलाच नव्हता. म्हटलं, म्हशीएवढं धरा.

“मग आधी म्हस बघून ये. आणि ह्याची टाच कुठाय ते मला येऊन सांग.”

इतकंच. चार हजार भरून मला म्हशीकडं पाठवलं, म्हणून त्या दिवशी मी वैतागूनच घरी आले. पण गंगावेशीतला दूध कट्टा काही लांब नाही. गेले संध्याकाळी वही घेऊन. तिथं गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात, त्यामुळं म्हशी बराच वेळ एका जागी उभ्या असतात, आणि फुकटात याहून चांगलं मॉडेल मिळणार नाही. एक गवळी म्हणाले, “ताई, दूध घेणार हायसा का नुसतं बघणार?” चित्र काढते म्हटल्यावर म्हणाले, “मग मागनं उभारू नकासा, लाथ बसंल.”

तर टाच. म्हशीच्या मागच्या पायाचा जो सांधा उलटा वाकल्यासारखा दिसतो त्याला मी आजवर गुडघाच समजत होते. तीच टाच. खरा गुडघा वर, पोटाला लागून, कातड्याखाली दडलेला. खूर म्हणजे नखं, म्हणजे म्हैस आयुष्यभर दोन बोटांच्या टोकावर उभी असते. माझ्या ड्रॅगनला मांडीपासून पंजापर्यंत एकच बाक होता, रबरी नळीसारखा. टाच जिथं हवी तिथं मी खवले काढले होते!

वर्गाचा खरा पैसा वसूल होतो तो मॉडेलच्या तासाला. तालमीतला एक पैलवान मुलगा येतो, लंगोटावर. (पहिल्या दिवशी मी अर्धा तास वहीतून डोकं वर काढलं नाही. नंतर सवय होते.) सुरुवातीला तीस-तीस सेकंदांच्या वीस पोझ. त्यात चेहरा, बोटं काही काढायचं नाही, नुसता अंगाचा कल पकडायचा. मग दोन-दोन मिनिटं, आणि शेवटी वीस मिनिटांची एकच पोझ. कागद वाया जाईल म्हणून रडू नका, प्रेसमधून उरलेल्या कागदाचा गठ्ठा आणून ठेवा. सरांना खोडरबर दिसला की ते उचलून खिशात टाकतात.

आणि ओळंबा. पैलवान एका पायावर भार देऊन उभा राहिला की सर आढ्याच्या खिळ्यावरून गवंड्याचा ओळंबा सोडतात, त्याच्या गळ्याच्या खळीसमोर. लोलक डुलायचा थांबला की बघायचं. भार असलेल्या पायाच्या घोट्याजवळ दोरी येते. त्याच पायाच्या बाजूचं कमरेचं हाड वर चढलेलं असतं आणि खांदा खाली झुकलेला. दोरी पायापासून लांब गेली तर माणूस पडणार किंवा चालायला लागणार. माझे वडील गवंडी. आमच्या घरी ओळंबा फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याखाली असतो, दसऱ्याला त्याला हळद-कुंकू लागतं. मी घरी सांगितलं तर बाबा हसले, “भिंतीला लावायचं ते माणसाला लावलं व्हय?” मग माझी जुनी प्रिंट हातात घेतली, तिच्यासमोर दोरी धरली आणि म्हणाले, “हे पडतंय की गं.” नऊ वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि बाबांनी आयुष्यात ड्रॅगन बघितलेला नाही.

पंखांचंही तसंच. सर म्हणाले, चार पाय आणि वर दोन पंख म्हणजे खांदे चार झाले का दोनच, ते आधी ठरव. मग कोंबडीचा अख्खा पंख आणायला लावला. सोलून बघितलं तर दंडाचं एक हाड, पुढं दोन हाडं, टोकाला बोटांचे अवशेष. आपल्या हाताचाच नमुना. पंख खाली ओढणारा स्नायू असतो छातीवर, नांगराच्या फाळासारख्या उभ्या हाडाच्या दोन्ही अंगांना. आपण जे मटामटा खातो ते तेच. माझ्या ड्रॅगनची छाती चपटी होती, त्याला घराच्या पत्र्यावरनंही उडता आलं नसतं. (उरलेल्या कोंबडीचा आईनं पांढरा रस्सा केला. अभ्यास वाया गेला नाही.)

तीन महिन्यांत एक सहल असते, खिद्रापूरला. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात ४८ खांब आणि डोक्यावर आभाळाला उघडा गोल. त्यातून खाली पडणारं ऊन बघितलं आणि जादूचा उजेड म्हणून मी आजवर जे निळं-जांभळं फासत होते त्याची लाज वाटली. सरांनी मात्र आम्हाला बाहेर उन्हात बसवलं, मंदिर पाठीवर घेतलेल्या दगडी हत्तींसमोर. वर्गात उद्यमनगरातल्या फाउंड्रीत काम करणारा एक दादा आहे. तो सहज बोलून गेला, “उंची दुप्पट केली की वजन आठपट होतंय, पण पायाचा छेद नुसता चौपट. म्हणून हत्तीचे पाय खांबासारखे.” डोंगराएवढा राक्षस आणि हरणाचे पाय, ही माझी आवडती आकृती त्या दिवशी मेली.

टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेला पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव आहे, कांस्याचा, वीतभरही नाही. तोही बघून या. एवढासा आहे, पण उभा कसा आहे बघा.

आता तक्रारी. माडीवर डोक्यावर एकच ट्यूबलाइट, त्यामुळं सावल्या सपाट होतात. खिडकीचा उजेड साडेआठपर्यंतच चांगला. रंग शिकवत नाहीत, कपड्यांच्या चुण्या नाहीत, चित्राची मांडणी नाही. टॅब्लेट बाहेर काढला तर सर असं बघतात की आपण देवळात चप्पल घालून आलोय. ऑगस्टात पंचगंगेचं पाणी चढलं म्हणून दोन रविवार बुडाले, ते भरून दिले नाहीत आणि पैशांचं कुणी नावही काढलं नाही.

सगळ्यात मोठी खोट म्हणजे बाईमाणूस मॉडेल नाही. मी राण्या काढते, यक्षिणी काढते. सरांना विचारलं तर म्हणाले, हातपाय सारखेच असतात. नसतात हो. कमरेचं हाड रुंद असतं, त्यानं मांडीचा कोन बदलतो, उभं राहणं बदलतं. शेवटी आम्ही तिघी मुलींनी लेगिंग घालून आळीपाळीनं उभं राहायचं ठरवलं. सर काही बोलले नाहीत, पण ओळंबा आणून दिला.

आणि कुणी ‘मी आपला आपण शिकलो’ म्हणालं की अर्धा तास गेलाच समजा. लगेच सरांची बाबूराव पेंटरांची गोष्ट सुरू. कलाशाळेची पायरी न चढलेला माणूस, नाटकांचे पडदे रंगवायचा, त्यानं याच गावात स्वतः कॅमेरा बनवला आणि मूकपट काढले. दुसऱ्यांदा ऐकताना बरं वाटतं, पाचव्यांदा मनगट दुखतं.

दोन महिन्यांत पोर्टफोलिओ पाहिजे असेल तर इकडं येऊ नका. माझं त्या काळात एकही चित्र पूर्ण झालं नाही. चार वह्या भरल्या, त्यातली दीड नुसती म्हशींची. तरी मी दुसऱ्या तीन महिन्यांचे पैसे भरलेत.

गेल्या रविवारी तोच जुना ड्रॅगन नव्यानं काढून नेला. नुसत्या रेघा, खवला एकही नाही. सरांनी चष्मा खाली ओढला.

“वजन?”

“सहाशे किलो.”

टाचेवर बोट ठेवलं, छातीवर ठेवलं. “म्हशीपरास जड हाय,” म्हणाले आणि चहा सांगायला जिन्याकडं गेले.