लिज्जतचा उडीद पापड: चव आणि मालकी
उडीद, काळी मिरी आणि हिंग यांचा तोल लिज्जतच्या उडीद पापडात चांगला साधलेला असून, माझ्या मते तो तळण्यापेक्षा भाजूनच अधिक खमंग लागतो. मात्र त्याचे खरे मोल उत्पादनपद्धतीत आहे. १९५९ मध्ये मुंबईतील गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या या उद्योगात सदस्य भगिनी केंद्रावरून मळलेले पीठ घरी नेतात, लाटून वाळवलेले पापड परत आणून देतात आणि नोकर म्हणून नव्हे, तर सहमालक म्हणून नफ्यातही वाटा घेतात. साहजिकच घर सांभाळणाऱ्या, फारसे शिक्षण नसलेल्या बाईलाही हक्काची कमाई राहत्या वस्तीतच मिळते. पापड मुळात खारट असल्याने रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी तो बेतानेच खावा.